खाचरातली तिसरी साखर

कर्जतहून कशेळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. भाद्रपदात त्यातल्या कुठल्याही बांधावर घटकाभर थांबलं, तर तीन गोष्टी एकाच ठिकाणी दिसतात : पोटरीला आलेलं भात, त्याचं हिरवं धाट आणि बांधाच्या बिळातून नांग्या बाहेर काढून बसलेला मुठा. तिन्हींचं अंग साखरेच्या साखळ्यांनी बांधलेलं आहे. दाण्यातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी. धाटातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. एवढ्या फरकामुळे भात आपण पचवतो, पेंढा मात्र बैलाला घालतो. बैलालाही तो पचतो पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. आणि मुठ्याच्या कवचात असते तिसरी साखळी, कायटिनची. तिच्या प्रत्येक कडीला नायट्रोजन असलेला एक तुकडा चिकटलेला असतो. साखळी चिवट होते ती त्यामुळे.

रसायनशास्त्र अशा लांब साखळ्यांना पॉलिसॅकराइड म्हणतं, मराठीत बहुशर्करा. आज सकाळी यातल्या तिसरीविषयी लिहावंसं वाटलं, कारण ती अळ्यांच्या कातडीतही असते. जपान, कोरिया, चीनमधल्या प्रयोगशाळा गेली काही वर्षं खाण्याजोग्या अळ्यांमधल्या बहुशर्करांचा कसून अभ्यास करत आहेत. त्या साखरा प्रतिकारशक्तीवर, आतड्यातल्या जिवाणूंवर, रक्तातल्या साखरेवर काय परिणाम करतात हे तपासलं जात आहे. आणि इकडे कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांमध्ये, ठाकरवाड्यांमध्ये ज्यांच्या घरी हे अन्न पिढ्यान् पिढ्या शिजत आलं, ती माणसं त्याचं नाव घ्यायला लाजतात. मला अस्वस्थ करते ती ही लाज.

कायटिनचा शोध कुठे लागला ते पाहण्यासारखं आहे. १८११ मध्ये फ्रान्समध्ये हेन्री ब्राकोनो यांना ते प्रथम अळंबीत सापडलं. १८२३ मध्ये ओदिए यांनी तेच द्रव्य एका भुंगेऱ्याच्या कडक पंखांतून वेगळं काढलं आणि त्याला कायटिन हे नाव दिलं. तो भुंगेरा आपल्या हुमणीच्या भुंगेऱ्याचा सख्खा नातलग. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी झाडांवर झुंडीनं उतरतात ते भुंगेरे. ज्यांच्या पांढऱ्या, वाकड्या अळीनं घाटावरच्या ऊसवाल्यांची झोप उडवली आहे. अळंबी आणि भुंगेरा, दोन्ही मृगाच्या पावसात आपल्याकडे जमिनीतून वर येतात. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना जे द्रव्य मोठ्या खटपटीनं हाती लागलं, ते भीमाशंकरच्या पायथ्याला दर वर्षी जून महिन्यात पायाखाली असतं.

अळीच्या अंगात बहुशर्करा एकाच जातीची नसते. एक साठवणीची, ग्लायकोजेन. कोषात गेल्यावर खाणंपिणं बंद होणार असतं, तेव्हा शरीराचा नवा घाट घडवायला लागणारी शिदोरी अळी आधीच बांधून ठेवते. दुसरी कातडीतली, म्हणजे कायटिन. आणि तिसरा प्रकार गरम पाण्यात विरघळणाऱ्या, गुंतागुंतीच्या बहुशर्करांचा. त्या प्रमाणानं अगदी थोड्या असतात, पण सध्या सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर आहे. वाळवलेल्या अळ्यांची किंवा कोषांची पूड पाण्यात उकळतात, गाळतात, त्यात अल्कोहोल ओततात. पाण्यात न दिसणारी साखर तेव्हा साका होऊन खाली बसते. जपानी संशोधकांनी रेशमाच्या किड्यातून अशीच एक बहुशर्करा वेगळी काढली आणि तिचं नाव ठेवलं सिल्करोज. माशीवर्गातल्या कीटकांतून काढलेलीला डिप्टेरोज म्हणतात. या साखरा उंदराच्या भक्षक पेशींवर घातल्या की त्या पेशी जाग्या होतात आणि जंतूंशी लढण्याची रसायनं तयार करू लागतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोळंबीच्या खाद्यात सिल्करोज मिसळलं, तेव्हा व्हिब्रिओ जिवाणूच्या रोगातून कोळंबी अधिक संख्येनं वाचली. मत्स्यशेती करणाऱ्यांनी या निष्कर्षाकडे नीट लक्ष द्यायला हवं.

रेशमाचा किडा आपल्याला परका नाही. मराठवाड्यात तुतीवरचं रेशीम चांगलंच रुजलं आहे, जालन्यात २०१८ पासून कोषांचा बाजार भरतो. गडचिरोली, भंडाऱ्याकडे ढिवर समाज ऐनाच्या झाडावर टसरचा किडा पाळत आला आहे. ऐनाचं झाड कर्जतच्या रानातही आहे. धागा काढून झाल्यावर कोषातला जो किडा उरतो, त्याला आसामात अन्न म्हणून मान आहे. एरी रेशमाचा किडा तिथल्या बोडो घरांत आवडीनं खाल्ला जातो. कोरियात तो उकडून रस्त्यावर विकतात. आपल्याकडे मात्र तो अजून टाकाऊ मालात मोजला जातो.

पण साखरेच्या एका साखळीनं पेशी जाग्या का व्हाव्यात? माणसाच्या, उंदराच्या शरीरात कायटिन तयारच होत नाही. ते असतं बुरशीत, धुळीतल्या गोचिडीच्या जातीच्या बारीक किड्यांत, पोटातल्या जंतांच्या अंड्यांत. म्हणून त्याचा तुकडा दिसला की शरीर समजतं, कोणीतरी परकं आत शिरलं आहे. भाताचं रोपही असंच वागतं. करपा आणणाऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. तिचे सुटे तुकडे भाताच्या पेशीला लागले की रोप आपला बचाव सुरू करतं. ते तुकडे ओळखणारं प्रथिन जपानमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये भातातच शोधून काढलं. आपल्या कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ ही वाणं तिथलीच. त्या केंद्राच्या वाफ्यांत उभं असलेलं रोप आणि त्या भातावर वाढलेलं माणूस, दोघंही एकाच साखरेची चाहूल ओळखतात. मला हे फार मोठं वाटतं. झाड आणि माणूस वेगळ्या वाटांनी गेल्याला शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी शत्रू ओळखण्याची खूण दोघांनीही हीच धरली.

आता पोटाचं पाहू. कायटिन माणसाला पचतच नाही, असं बरीच वर्षं पुस्तकांत लिहिलं जायचं. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २५ माणसांचा जठररस तपासला. त्यातल्या २० जणांच्या जठररसात कायटिन तोडणारं एन्झाइम काम करताना आढळलं. म्हणजे पोटात ही कात्री आहे. कुणाची धारदार, कुणाची बोथट. २०२३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं उंदरांवर दाखवलं, की कायटिन खाल्ल्यावर जठर ताणलं जातं, तिथल्या प्रतिकारपेशी जागतात आणि त्यांच्या सांगण्यावरून हे एन्झाइम वाढतं. खाल्लं तर कात्रीला धार येते. ज्या उंदरांना कायटिन पचवता येत नव्हतं, त्यांचं वजन मात्र तुपकट खाऊनही कमी वाढलं. माणसांवरचा एक छोटा प्रयोग विस्कॉन्सिन विद्यापीठातला आहे, २०१८ चा. २० निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज २५ ग्रॅम रातकिड्यांची पूड न्याहारीत दिली. त्यांच्या आतड्यात एका उपकारक जिवाणूची वाढ झाली आणि रक्तातला दाह दाखवणारा एक घटक उतरला. त्रास कुणाला झाला नाही.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण सकाळी वाचलेलं माणूस दिवसभर धरून ठेवतो. हा पुरावा आशा वाटण्यापुरता आहे, औषध म्हणण्याइतका झालेला नाही. काचेच्या थाळीतल्या पेशी, उंदीर, कोळंबी आणि वीस माणसं. मधुमेह, कर्करोग, यकृताचे आजार यांवर अळीतल्या साखरेनं माणूस बरा झाला, असं आज कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. कायटिनपासून केलेल्या कायटोसॅनच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी जगभर खपल्या. नीट केलेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा वजनातला फरक अगदी नगण्य निघाला. त्याच कायटोसॅनची पट्टी जखमेवर दाबली तर मात्र वाहतं रक्त थांबतं, आणि हे युद्धभूमीवर सिद्ध झालेलं आहे. कोळंबीच्या टरफलांतून केलेल्या त्या पट्ट्या अमेरिकी सैनिक इराक-अफगाणिस्तानात जवळ बाळगत होते. कायटोसॅनवर धन विद्युतभार असतो, रक्तपेशींवर ऋण. दोघं एकमेकांना ओढून धरतात आणि गठ्ठा होतो. द्रव्य तेच, पण त्याचं काम कुठे होतं आणि कुठे होत नाही, हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्वयंपाकघरात काय होतं तेही मी जवळून पाहिलं आहे. खालापूरच्या बाजूला चौकजवळच्या एका वाडीत मावशींनी मुठे साफ केले. मोठ्या नांग्या बाजूला ठेवल्या. बारीक पाय पाट्यावर घेतले आणि वरवंट्यानं ठेचले. ठेचताना कवच कटकट वाजत होतं. मग थोडं पाणी घालून वाटण एकजीव केलं आणि फडक्यातून पिळून काढलं. खाली जो राखाडी-पांढरा रस आला, तो कालवणात गेला. वर फडक्यात उरला तो कवचाचा भुगा, म्हणजे जवळजवळ सगळं कायटिन आणि चुना. तो मावशींनी परसातल्या दुधीच्या वेलाखाली टाकला. शेवटी एक मुठा राहिला होता, नुकतीच कात टाकलेला, बोटानं दाबला तर दबणारा. “ह्यो मऊ हाय, ह्यो आख्खा भाजायचा,” म्हणून त्यांनी तो सरळ निखाऱ्यावर ठेवला आणि नातवाला दिला. कठीण कवच रसासाठी, मऊ कवच दातासाठी. वेलाखाली टाकलेल्या भुग्याबद्दलही सांगायला हवं. कायटिनवर जगणारे जमिनीतले सूक्ष्मजीव त्याच्यावर वाढतात आणि मुळं सडवणाऱ्या बुरशीला आवर घालतात. शेतीशास्त्रात ही रीत मान्य आहे.

मोहोळाचंही असंच. आग्या मोहोळाच्या पोळ्यात मध वर असतो, फांदीला धरून, आणि पिलावळ खाली. मध बाजारात जातो. पिलावळीचा भाग मात्र मोहोळ उतरवणाऱ्यांच्या पोरांचा. पांढऱ्या, लुसलुशीत अळ्या तशाच किंवा पानात गुंडाळून भाजून. त्या अळीची कातडी पातळ, पोटात ग्लायकोजेनचा साठा भरपूर, शिवाय प्रथिनं आणि स्निग्धांश. इतकं सगळं एका घासात देणारं अन्न आषाढात वाडीवर दुसरं कुठलं मिळणार? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली घरं पावसाच्या तोंडाला परततात. हातातले पैसे उचल फेडण्यात गेलेले असतात. लावणी झाली की मजुरीही आटते. कणगी रिकामी असते. या महिन्यांत मुठे, वळगणीचे मासे, अळंबी, कंद, मध आणि पिलावळ हेच पोराबाळांना धरून ठेवतात. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यात माडिया आणि कोलाम यांच्याबरोबर कातकरी आहेत. त्यांच्या ताटातून एखादा पदार्थ गेला, तर त्या जागी दुसरा येईलच असं नसतं.

आणि पदार्थ जातात ते लाजेपायी. वर्गात बाईंनी “काल घरी काय जेवलात?” असं विचारलं, की वाडीवरची पोरं एका सुरात “वरण-भात” म्हणतात. आदल्या दिवशी काय खाल्लं ते त्यांना आठवत असतं. पण ते उच्चारलं की मागच्या बाकावरून हसू येणार, हेही त्यांना ठाऊक असतं. दोन-तीन वर्षं असं खोटं बोलल्यावर पोर घरीही ते खाईनासं होतं. मग पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं येतात. त्यांची कुणालाच लाज वाटत नाही.

मान मिळाला की अन्नाचं कसं भलं होतं, याचा अनुभव आपल्याच गाठीशी आहे. शेवळं घ्या. मृगाच्या आधी याच बायका शेवळांच्या जुड्या घेऊन कर्जत स्टेशनाबाहेर, नेरळला, पार कल्याण-ठाण्यापर्यंत बसतात, आणि मुंबईकर ती मागाल त्या दरानं नेतात. टाकळा, कुर्डू, भारंगी यांनाही गेल्या काही वर्षांत चांगले दिवस आले. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. पण हा मान पानांपाशी थांबतो. फार तर मुठ्यापर्यंत येतो, कारण चिंबोरीचं कालवण आगरी, कोळी, कुणबी सगळ्यांच्या घरात रांधलं जातं. अळीपाशी मात्र आपण तोंड फिरवतो. वास्तविक मुठ्याच्या नांगीत आणि मधमाशीच्या अळीच्या कातडीत साखर एकच आहे. एकीला पाहुण्यांपुढे वाढायचं आणि दुसरीला किळस म्हणायचं, याला शास्त्राचा कुठलाच आधार नाही. गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. ओडिशाच्या मयूरभंजमधल्या तशाच चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ च्या अहवालात म्हटलं, की जगात सुमारे २०० कोटी माणसांच्या नेहमीच्या जेवणात कीटक आहेत. युरोपीय संघानं २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्मला, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळीला, अन्न म्हणून परवानगी दिली. पॅरिसच्या दुकानात जे उद्याचं अन्न म्हणून विकलं जातं, ते इरशाळगडाच्या पायथ्याला कालचं म्हणून लपवावं लागतं.

काळज्या आहेत, त्या घ्यायलाच हव्यात. ज्याला कोळंबी, चिंबोरी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यानं अळी-कीटक तोंडातसुद्धा घालू नये. दोन्हींत तेच प्रथिन त्रास देतं. खोडकिड्यासाठी, तुडतुड्यांसाठी औषध मारलेल्या खाचरातले मुठे खाऊ नयेत. तुडतुड्यांवर मारलं जाणारं ब्युप्रोफेझिन तर किड्याला कायटिन बनवूच देत नाही, कात टाकताना तो मरतो. रानातली अळंबी जाणकाराला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नये. आणि मोहोळाच्या बाबतीत माझंही मन दोन्हीकडे ओढलं जातं. मधमाश्या झपाट्यानं कमी होत आहेत. खादी ग्रामोद्योगाची माणसं शिकवतात त्याप्रमाणे फक्त मधाचा भाग कापून पिलावळ ठेवली, तर वसाहत टिकते आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. पोराच्या तोंडचा घास आणि माशीची पुढची पिढी यांतून निवड करायला दूरवरून कुणी सांगू नये. तो निर्णय वाडीनंच घ्यावा, आणि तोवर अंगणवाडीतून त्या पोराला रोज अंडं मिळेल, एवढं बाकीच्यांनी पाहावं.

उद्या या अळ्यांतल्या बहुशर्करेची कुपी निघेलही. तिच्यावर कुणाचं नाव असेल, हे आज ठरू शकतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. गावाच्या ज्ञानावर कुणी धंदा उभा केला, तर गावाला वाटा मिळावा ही त्या कायद्याची तरतूद आहे. अनेक नोंदवह्यांत झाडांची नावं भरलेली असतात, पक्ष्यांचीही असतात. कोणती अळी कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर मिळते, कशी भाजतात, बाळंतिणीला चालते की नाही, हे वाडीवरच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे आणि ते लिहून घेतलं जात नाही. कर्जत, खालापूरच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या ग्रामसभेत वाडीवरच्या दोन जाणत्या बायकांना पुढे बोलवा, त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावानं नोंदवहीत उतरवून घ्या. आणि वर्गात एखादं पोर धीर करून म्हणालं, “बाई, काल आम्ही मोहोळाची पिलं खाल्ली,” तर बाकीच्यांना आधी गप्प करा आणि त्याला फळ्यापाशी बोलावून ती कशी लागतात ते सगळ्या वर्गाला सांगायला लावा.